साठीचा आल्बम आणि पुतळ्यांची माळ

"अॅग्रीमेंट वाढवून घ्यायचं काम माझ्याकडे लागलं!" सुखदानं जाहीर केलं आणि हातातली कात्री हवेत अशी फिरवली की समोर बसलेल्या उमाकांतनं चहाचा कप घाईघाईनं मागे घेतला.

सत्याण्णव सालची गोष्ट. उमाकांत इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत होता, आणि पुण्याहून बंगळूरला आल्यापासून दोन वर्षांत या जोडप्याची तीन घरं झाली होती. पहिल्या घरात पाणी नव्हतं. दुसऱ्यात पाणीच पाणी होतं, पण ते छतातून यायचं. तिसरं हे बनशंकरीतलं, आप्पाजींच्या घराचा वरचा मजला. इथे पाणी चक्क नळातून यायचं! कंपनीची बस कोपऱ्यावर थांबायची, आणि दाराबाहेर अशी ऐसपैस गच्ची होती की सुखदाचा त्या घरावर जीवच जडला होता. चौथ्यांदा खोकी भरायची कल्पनाही तिला सोसवत नव्हती.

अडचण एकच होती. घरमालक आप्पाजी मूळचे निपाणीकडचे, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले सज्जन गृहस्थ. पण अकरा महिन्यांच्या वर ते कुणालाही ठेवत नसत. बाराव्या महिन्यात भाडेकरूचा पाहुणा होतो आणि पाहुण्याला जा म्हणता येत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. आणि सुखदा-उमाकांतचा अकरावा महिना अर्धा सरला होता.

"कसं वाढवणार अॅग्रीमेंट?" उमाकांतनं विचारलं.

"आल्बम!" सुखदा म्हणाली. "येत्या रविवारी आप्पाजींची साठी आहे. जन्मापासून आजपर्यंतचे फोटो, प्रत्येक पानावर नक्षी, कोपऱ्यात वाळवलेली फुलं! पान उलटताना म्हातारा विरघळला नाही तर नाव बदलीन मी!"

आता सुखदाच्या कलेबद्दल दोन शब्द सांगायलाच हवेत. तिच्याकडे एक जाडजूड वही होती, तिच्यावर 'युक्त्या' असं लिहिलेलं होतं, आणि जगातली कुठलीही अडचण कागद, कात्री आणि खळ यांनी सुटते यावर तिची गाढ श्रद्धा होती. कागद जुना दिसायला हवा? चहाच्या पाण्यात बुडवा! गोल काढायचाय? बांगडी ठेवा! फुलं वाळवायचीत? टेलिफोन डिरेक्टरीत दाबा! (त्यांच्या घरात फोन नव्हता, पण डिरेक्टऱ्या तीन होत्या.) खळीला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घाला! आलेली एकही लग्नपत्रिका तिनं कधी टाकली नाही. लोकांची लग्नं मोडली असतील, पण त्यांच्या पत्रिकेतले गणपती सुखदाच्या बुटाच्या खोक्यात सुखरूप होते.

कल्पना ऐकून आप्पाजी खुलले. त्यांची बायको शिवलीला, मोजकं बोलणारी बाई, तिनं लगेच फोटोंची पिशवी काढून दिली. मग आप्पाजी आत गेले, लोखंडी कपाटाची किल्ली दोनदा फिरल्याचा आवाज आला, आणि ते धोतरात गुंडाळलेली एक तसबीर घेऊन बाहेर आले.

"माझी आई," ते म्हणाले. "एवढा एकच फोटो हाय. पहिल्या पानावर आईच पायजे."

फोटो बेळगावच्या कुठल्याशा स्टुडिओतला, आप्पाजी पाळण्यात असतानाचा. काच तडकलेली, खाली जाड पुठ्ठा. त्या काळी काळ्यापांढऱ्या फोटोवर हातानं रंग भरत. हिरवं लुगडं, गुलाबी गाल, आणि गळ्यात पिवळीधमक पुतळ्यांची माळ.

"एकवीस पुतळ्या हायत, मोजून," आप्पाजी आवाज उतरवून म्हणाले. "सांभाळा हं सुखदाक्का. हा नुसता फोटो नव्हे, पुरावा हाय पुरावा!"

पुरावा कसला, ते शिवलीलानं जिन्यात सांगितलं. आप्पाजींना एक थोरली बहीण होती, गंगव्वा. तीही बंगळूरलाच, शिवाजीनगरात एका खोलीत एकटी राहायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. बावीस वर्षांपूर्वी आई वारली, ट्रंक उघडली, तर माळ नाही! गंगव्वा म्हणाली, आई तुझ्याकडे होती, माळ तूच गिळलीस. आप्पाजी म्हणाले, बाळंतपणाला आलीस तेव्हा तूच नेलीस. त्या दिवसापासून दोघं एकमेकांचं तोंड बघत नव्हती.

"कधी कधी फोटो काढून बसतात आणि रडतात ओ," शिवलीला म्हणाली. "आईसाठी रडतात की अक्कासाठी, ते मी विचारत नाही. रविवारी अक्काला मी गुपचूप बोलावलंय. यांना काही बोलू नका."

सुखदाला भरूनच आलं! आता हा आल्बम म्हणजे नुसतं अॅग्रीमेंट राहिलं नव्हतं, राष्ट्रीय एकात्मता झाली होती.

शुक्रवारी सकाळी तिनं कामाला हात घातला. फोटो पुठ्ठ्याला गच्च चिकटलेला. पण वहीत पान सतरावर युक्ती होतीच: चिकटलेला फोटो कोमट पाण्यात सोडा, आपोआप सुटेल. ओढू नका, घाई करू नका. सुखदानं परातीत कोमट पाणी घेतलं, आई अलगद आत सोडली, आणि घाई करायची नाही म्हणून ती पुढच्या पानांच्या कडा कातरत बसली. कातरता कातरता तिचा असा सूर लागला की तासभर कसा गेला कळलंच नाही.

ती परत आली तेव्हा युक्ती शंभर टक्के यशस्वी झाली होती. फोटो पुठ्ठ्यावरून सुटला होता. आणि फोटोवरून इतरही पुष्कळ काही सुटलं होतं! लुगड्याचा हिरवा गेला, गालांचा गुलाबी गेला. परातीत सोनेरी-पोपटी सरबत झालं होतं, आणि तळाशी आप्पाजींची आई काळीपांढरी होऊन शांतपणे वर बघत होती. हातात बांगड्या होत्या, कानांत कुड्या होत्या, कपाळावर कुंकू होतं.

गळा मोकळा होता! एकवीसच्या एकवीस पुतळ्या बुडाल्या होत्या!

पुराव्याचीच सुखदानं आमटी केली होती!

संध्याकाळी उमाकांत आला तेव्हा ती फोटोसमोर हात जोडून बसलेली.

"अगं, खाली जाऊन खरं सांगून टाकू," तो म्हणाला.

"काय सांगू? बावीस वर्षांचं भांडण जिच्यावरून आहे ती माळ मी मोरीत ओतली म्हणून? उद्याच्या उद्या रस्त्यावर येऊ!"

"मग?"

सुखदानं डोळे पुसले. डोळे पुसता पुसताच तिला कल्पना सुचली, कारण ती सुखदा होती. लुगड्याला हिरवा, गालांना गुलाबी, हे जलरंगांनी तासाभरात झालं, आणि झालंही बरं. राहिली माळ. रंगानं काढली तर पिवळे डाग दिसायला लागले, आई कावीळ झाल्यासारखी वाटायला लागली. ते पुसून तिनं बुटाचं खोकं उपडं केलं. नागपूरच्या एका लग्नाच्या पाकिटाला आतून चकचकीत सोनेरी कागद होता. यातून बारीक टिकल्या पाडायच्या आणि एकेक चिकटवायची!

उमाकांत शनिवारी ऑफिसातून पंचिंग मशीन घेऊन आला. त्याची टिकली फोटोवर ठेवली तर आईच्या गळ्यात ताटल्या लटकवल्यासारख्या दिसल्या.

"याहून बारीक भोक कोण पाडतं?" सुखदा ओरडली.

"पट्ट्याला पाडतात की," उमाकांत स्वतःच्या पोटाकडे बघत म्हणाला. गेल्या महिन्यातच त्यानं एक पाडून घेतलं होतं.

झालं! दोघं रिक्षानं शिवाजीनगर गाठती झाली. एका बोळात चामड्याचे पट्टे शिवणारे चाचा बसले होते. सुखदानं सोनेरी कागद पुढे केला आणि बोटानं दाखवलं, सगळ्यात बारीक. चाचांनी आयुष्यात कागदाला भोकं पाडली नसावीत. पण गिऱ्हाईक म्हणजे गिऱ्हाईक. त्यांनी चिमट्यानं टक टक करत सुबक ओळीत भोकं पाडली, कागद फुंकून साफ केला आणि अदबीनं परत दिला.

"अहो, फुंकला काय!" सुखदा किंचाळली. "होल नहीं चाहिए चाचा! होल के अंदर का चाहिए!"

चाचांनी कागदाकडे पाहिलं, भोकांकडे पाहिलं, मग उमाकांतकडे पाहिलं. त्या नजरेत कीव होती.

"मॅडम, होल के अंदर कुछ नहीं रहता," ते समजुतीनं म्हणाले.

पुढची पंधरा मिनिटं इंजिनिअर उमाकांत आणि कलावंत सुखदा त्या बोळात गुडघ्यांवर बसून चामड्याच्या कपच्यांतून सोनं वेचत होती. येणारेजाणारे थांबून विचारत, काय पडलं? कुणाला वाटलं हिरा, कुणी म्हणालं डोळ्यांतलं भिंग. दोन बायका मदतीला बसल्याही! अखेर चाचांनाच दया आली. त्यांनी खाली वर्तमानपत्र पसरून नव्यानं पंचवीस पाडून दिल्या आणि पैसे घ्यायचं साफ नाकारलं.

रविवारची सकाळ उजाडली तेव्हा आईच्या गळ्यात एकवीस पुतळ्या झळकत होत्या. चिमटीनं, टाचणीच्या टोकावर खळ घेऊन लावलेल्या! मूळच्या माळेपेक्षा कांकणभर सरसच. सुखदाची छाती अशी फुगली की उमाकांतला काळजी वाटायला लागली.

खाली पन्नासेक माणसं जमली होती. आप्पाजी नव्या धोतरात, गळ्यात हार. आल्बम पाटावर ठेवलेला. आप्पाजींनी पहिलं पान उघडलं आणि ते बघतच राहिले.

"आई हसतीय बघ गं," ते शिवलीलाला म्हणाले, आणि मग सुखदाकडे वळले. "अशी झळाळी मी कधी बघितली नव्हती ओ! जेवण झालं की वर येतो. तुमच्या अॅग्रीमेंटचं बोलूया."

सुखदानं उमाकांतला कोपरानं असं ढोसलं की त्याच्या हातातल्या पायसाची वाटी हिंदकळली. जिंकलो!

तेवढ्यात दाराशी गलबला थांबला. उंच, काटकुळी, इरकल नेसलेली एक म्हातारी चपला काढत होती. आप्पाजींचा चेहरा एकदम उतरला. बावीस वर्षांनी अक्का दारात उभी होती.

"जेवायला नाही आले मी," गंगव्वा कुणाकडेही न बघता म्हणाली. "आईचा फोटो बाहेर काढलाय म्हणून कळलं. आईला बघते आणि जाते."

आप्पाजी बाजूला सरकले. गंगव्वा पाटापाशी बसली, चष्मा चढवला. आणि पानं उलटायची म्हणून, आयुष्यभराच्या सवयीनं, तिनं अंगठा आणि तर्जनी जिभेला लावली.

सुखदाला एकदम आठवलं. खळ! ओलं बोट!

गंगव्वानं आईच्या गालावरून हात फिरवला, हनुवटीवरून, मग गळ्यावरून. हात उचलला, तर बोटाच्या टोकाला एक पुतळी!

गंगव्वानं बोट डोळ्यांजवळ नेलं. मग पुन्हा माळेवर टेकवलं. दोन आल्या.

"आप्पा!" ती कडाडली. "खऱ्या पुतळ्या गिळल्यास, आता फोटोतल्या पण काढाय लागलास?"

"मी? नख तू लावलंस अक्का! सगळ्यांनी बघितलंय!"

"मला लावायची हौस हाय काय?"

"बावीस वर्सं झाली, लावतीसच की!"

दोघांनी आल्बम दोन बाजूंनी धरला. तो इकडे ओढतो, ती तिकडे ओढते, आणि प्रत्येक हिसक्याला आईच्या गळ्यातून पुतळ्या उडतायत! एक भटजींच्या शेंडीत अडकली. तीन पायसात पडल्या. एक आप्पाजींच्या मिशीवर बसली आणि ते बोलतील तशी चमकायला लागली. "पुरावा! पुरावा गेला!" असं दोघंही एकाच वेळी ओरडत होती.

"थांबा!" सुखदा मध्ये पडली. तिला आता रडूच फुटलं. "कुणीच काही काढलं नाही! मी केलं! मी फोटो पाण्यात घातला... तासभर विसरले... माळ धुऊन गेली! या टिकल्या आहेत, लग्नाच्या पाकिटातल्या! मला माफ करा हो, मला वाटलं होतं फक्त पुठ्ठा सुटेल!"

सगळे आप्पाजींकडे बघायला लागले. आणि कधी नव्हे ती शिवलीला बोलली.

"माळ धुऊन गेली म्हणता, मग बांगड्या कशा न्हाई गेल्या?"

"अं?" सुखदा म्हणाली.

शिवलीलानं फोटो उजेडात धरला. "बघा की. बांगड्या हायत. कुड्या हायत. लुगड्याची घडी न् घडी हाय. अंगावर जे होतं ते पाण्यानं कसं जाईल? रंग तेवढा गेला." तिनं आईच्या गळ्यावर बोट ठेवलं. "माळ फोटोत नव्हतीच ओ. वरनं रंगवलेली होती."

आप्पाजींनी मिशीवरची पुतळी काढली आणि हातात धरून बघत राहिले.

"अक्का," ते हळूच म्हणाले, "आईच्या गळ्यात माळ तू डोळ्यांनी कधी बघितलीस?"

"मी? न्हाई बा. मला वाटायचं ट्रंकेत असते. तू बघितलीस की!"

"मी फोटोतच बघितली."

गंगव्वानं चष्मा काढला. तिला काहीतरी आठवत होतं, आणि ते आठवताना तिची नजर नऊ वर्षांच्या पोरीची झाली होती.

"स्टुडिओवाला विचारत होता," ती म्हणाली. "दागिना घालून देऊ की तसाच ठेवू, म्हणून. आई लाजून माझ्यामागं लपली. मग फोटो घरी आला तेव्हा बाबा बघून हसले. म्हणाले, 'मला जमलं न्हाई, ह्यानं तरी घातली तुला माळ.' मी बारीक, मला काय कळतंय? बाबा हसले म्हणून मीही हसले." तिनं पदर डोळ्यांना लावला. "आईला कधी माळ नव्हतीच रे, आप्पा. कधीच नव्हती. आणि आपण तिच्या माळंसाठी भांडलो!"

आप्पाजी पुढे सरकले आणि साठ वर्षांचा तो माणूस बहिणीच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडायला लागला. गंगव्वा एका हातानं त्यांच्या पाठीवर थोपटत होती आणि दुसऱ्या हातानं धपाटे घालत होती. "बावीस वर्सं! एका ब्रशासाठी बावीस वर्सं!" मग रडता रडता तिला हसू फुटलं, ते आप्पाजींना लागलं, तिथून भटजींना लागलं, आणि सगळी खोली हसत-रडत सुटली. उमाकांतही डोळे टिपत होता. सुखदाच्या अंगावर तर आनंदानं काटा आला. तिनं वही काढून तिथल्या तिथे पान सतराच्या समासात लिहिलं: 'भावाबहिणीच्या भांडणावरही गुणकारी!'

पंगत बसली. गंगव्वा आप्पाजींच्या शेजारी बसली आणि आल्याबरोबर जेवणार नाही म्हणालेली ती बाई पुरणाची चौथी होळगी घेत होती.

"अक्का," आप्पाजी म्हणाले, "आता त्या शिवाजीनगरातल्या खोलीत एकटी राहायचं न्हाई. आजपासनं न्हाई! हितं यायचं, आमच्यात."

"खुळा हायस काय? तुझ्या दोन खोल्यांत मला कुठं ठेवतोस?"

आप्पाजींनी मान वर केली. शिवलीलानं मान वर केली. मग गंगव्वानंही वर बघितलं. वर पंखा होता, पण पंख्याकडे कुणीच बघत नव्हतं.

उमाकांतचा घास तोंडातच राहिला.

आप्पाजी उठले, हात धुतले, आणि सुखदाच्या पानासमोर येऊन त्यांनी दोन्ही हात जोडले.

"सुखदाक्का, तुम्ही माझी बहीण मला परत दिलीत. मरेपर्यंत विसरणार न्हाई."

"अहो, त्यात काय एवढं आप्पाजी," सुखदा चाचरत म्हणाली. "पण... ते तुम्ही वर येऊन बोलणार होता ना... आमच्या अॅग्रीमेंटचं..."

"त्याला वर कशाला याय पायजे? हितंच सांगतो की!" आप्पाजी प्रेमानं म्हणाले. "तीस तारखेला सकाळी सामान हलवा. अक्का दुपारी येतीय."

सुखदाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

"किती मायाळू पोरगी हाय!" गंगव्वा म्हणाली आणि तिच्या पानात आग्रहानं आणखी एक होळगी वाढली.